पहारा किती दिवसांचा? : जुन्या संगणकावर नवी कार्यप्रणाली घेण्याचा विचार

१. सचिवांचा प्रश्न

२०२५ सालच्या पावसाळ्यात, सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पतपेढीच्या माडीवर बसलो असता, पेढीच्या सचिवांनी मला जो प्रश्न विचारला, तोच त्या वर्षी निवृत्त शिक्षकांनी, छापखान्याच्या मालकांनी, आणि ज्यांचा मुलगा परदेशी जाताना आपला संगणक घरी ठेवून गेला आहे अशा वृद्ध दांपत्यांनीही मला विचारला होता. सचिव म्हणाले, "सर, मशीन अगदी व्यवस्थित चाललंय. सकाळी चालू करतो, संध्याकाळी बंद करतो, मध्ये एकदाही अडत नाही. पण रोज पडद्यावर सूचना येते, की नवीन विंडोज घ्या, जुन्याची मुदत संपत आलीय. जे नीट चाललंय ते बदलायचं कशासाठी?"

ज्याने तीस वर्षे दुसऱ्यांचा पैसा सांभाळला त्याच्या तोंडी हा प्रश्न शोभून दिसला. चालत्या कामात हात घालू नये हा व्यवहाराचा जुना दंडक आहे, आणि संगणकाच्या दुकानात "विंडोज मारून देतो, तासाभराचं काम" असे जे सहज सांगितले जाते, त्यात त्या एका तासाने पुढचे तीन महिने कसे खाल्ले याचा हिशेब कोणी देत नाही. तथापि सचिवांच्या प्रश्नात एक शब्द असा होता की, ज्याचा अर्थ त्यांनी गृहीत धरला होता आणि जो उलगडल्यावाचून उत्तराकडे जाता येत नाही. तो शब्द म्हणजे 'नीट'. संगणक नीट चालतो याचा अर्थ तो सुरू होतो एवढाच घ्यावयाचा, की त्यावरील दफ्तर सुरक्षित आहे हाही त्यात धरावयाचा?

२. वाड्याचा दिवाणजी

कार्यप्रणाली, म्हणजे ज्याला आपण सर्वजण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो ती, डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ती तिने मांडलेली चित्रे. तिचे खरे काम समजण्यासाठी एखादा जुना, मोठा वाडा कल्पावा. वाड्याचा मालक आपण. वाड्यात दफ्तरखाना आहे, जेथे कागद वर्षानुवर्षे राहतात. ती संगणकाची डिस्क. सदरेवर एक मोठी बैठक आहे, जिच्यावर त्या दिवसापुरते कागद पसरून काम चालते आणि संध्याकाळी ते आवरले जातात. ती संगणकाची तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम. बैठकीवर बसून प्रत्यक्ष बेरीज-वजाबाकी करणारा चपळ हिशेबनीस म्हणजे प्रोसेसर. आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारा, कोणता कागद कोणी काढावा, कोणाला सदरेवर किती जागा द्यावी, दारावर आलेल्या माणसाला आत घ्यावे की परत पाठवावे हे ठरवणारा जो दिवाणजी, ती कार्यप्रणाली.

आपण ज्यांना प्रोग्राम म्हणतो, मग तो पत्र लिहिण्याचा असो की खतावणीचा, ते या वाड्यातले कारकून होत. ते परस्पर दफ्तरखान्यात शिरत नाहीत. दिवाणजीकडे मागणी करतात आणि तो त्यांना कागद काढून देतो. यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. दिवाणजी बदलला म्हणजे कागद बदलत नाहीत, वाडाही बदलत नाही. पण जुन्या दिवाणजीच्या बोलीची व रीतीची सवय झालेले जे कारकून आहेत, त्यांपैकी काहींचे नव्याशी जमेलच असे नाही. छपाईयंत्र, पासबुक छापणारे यंत्र, अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र ही तर परमुलखातली मंडळी. त्यांच्याशी बोलण्यासाठी दिवाणजीला दुभाषी लागतो. त्या दुभाषाला ड्रायव्हर म्हणतात. नव्या दिवाणजीसाठी दुभाषी नेमून देणे हे बहुधा त्या यंत्राच्या कारखानदाराचे काम असते, आणि दहा वर्षांपूर्वी विकलेल्या यंत्रासाठी ते तो करीलच याची शाश्वती नसते.

३. मुदत संपणे म्हणजे काय

विंडोज १० ही कार्यप्रणाली २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, तिची मुदत संपली. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही. सचिवांचाही पडला नाही. म्हणूनच पुष्कळांना वाटले, की मुदतीची भाषा ही केवळ नवा माल खपवण्याची युक्ती असावी. नवा माल खपावा ही विक्रेत्याची इच्छा असतेच. परंतु तेवढ्यावरून मुदतीचा अर्थ पोकळ ठरत नाही.

कार्यप्रणाली ही कोट्यवधी ओळींची लिखित रचना असते. एवढ्या मोठ्या लिखाणात चुका राहणे अटळ आहे, आणि त्यांतील काही चुका अशा असतात की, त्यांतून परका मनुष्य दूर बसून संगणकात शिरू शकतो. अशी भगदाडे लिहिणाऱ्याला लिहितेवेळी दिसत नाहीत. ती पुढे कित्येक वर्षे एकेक करून सापडत राहतात. मायक्रोसॉफ्ट ती बुजवण्यासाठी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या पाठवते. मुदत संपते याचा अर्थ असा, की गावकुसाची भिंत उभी राहते, घरे जागच्या जागी राहतात, बाजार भरतो. फक्त भिंतीची डागडुजी करणारे गवंडी आणि रात्री फेरी मारणारे पहारेकरी यांची नेमणूक रद्द होते. दुसऱ्या दिवशी गावावर दरोडा पडत नाही. पण त्यानंतर पडलेले प्रत्येक खिंडार तसेच राहते, आणि त्यांची संख्या वाढतच जाते.

यात एक सूक्ष्म गोष्ट आहे, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि जिचा उल्लेख क्वचितच होतो. विंडोज ११ ही विंडोज १० वरूनच वाढवलेली आहे; दोहोंच्या लिखाणाचा मोठा भाग समाईक आहे. त्यामुळे एखाद्या मंगळवारी विंडोज ११ मधील एक भगदाड बुजवले गेले, की ती दुरुस्ती बारकाईने वाचणाऱ्या चोराला जुन्या भिंतीत तेच भगदाड कोठे असेल याचा पत्ता आपोआप मिळतो. जुळ्या वाड्यांपैकी एकाच्या मागील दाराला नवा अडसर बसवलेला पाहिला, म्हणजे दुसऱ्याचे मागील दार कच्चे आहे हे सांगायला कोणी लागत नाही. पहारा उठलेला संगणक म्हणूनच केवळ जुना होत नाही. त्याच्या उणिवांची यादी दरमहा थोडी थोडी उघड होत जाते.

४. मे २०१७

हे सर्व काल्पनिक भय नव्हे हे पटण्यासाठी एक घडलेली हकीकत सांगतो. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर भगदाडाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. संगणक आपसांत फायली वाटून घेतात त्या व्यवस्थेत ते भगदाड होते. ज्यांनी दुरुस्ती घेतली ते निश्चिंत झाले. पुढे बरोबर आठ आठवडे व तीन दिवसांनी, १२ मे २०१७ रोजी, वॉनाक्राय या नावाचा एक उपद्रवी प्रोग्राम त्याच भगदाडातून जगभर पसरला. तो आत शिरून सर्व फायलींना कुलूप घाली आणि किल्लीसाठी खंडणी मागे. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ संस्थांपैकी निदान ८० संस्थांचे कामकाज विस्कळीत झाले आणि हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या.

त्यावेळी पुष्कळांनी दोष विंडोज एक्सपीच्या माथी मारला, कारण २००१ साली आलेल्या त्या प्रणालीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली होती आणि तरीही ती अनेक ठिकाणी चालू होती. मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून मुदत संपलेल्या एक्सपीसाठीही तातडीने दुरुस्ती दिली. परंतु पुढील चौकशीत दिसले ते निराळेच. त्या आरोग्यसेवेतील बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चे, म्हणजे तोवर ज्यांची मुदत शिल्लक होती असे होते. फक्त त्यांवर मार्चमधली दुरुस्ती कोणी बसवली नव्हती. नवी कार्यप्रणाली घेऊन तिच्या दुरुस्त्या थोपवून ठेवणे म्हणजे पहारेकरी नेमून त्याला वेशीबाहेर उभे करणे होय. ज्यांनी नव्यावर जाऊनही "अपडेट बंद करून द्या, मशीन स्लो होतं" अशी दुकानदाराला ताकीद दिली आहे, त्यांनी ही हकीकत दोनदा वाचावी.

५. दारावरची तपासणी

विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली आणि तिने संगणकाकडून काही अटींची पूर्तता मागितली. चार गीगाबाइट रॅम व चौसष्ट गीगाबाइट डिस्क या अटी बहुतेकांना जड नाहीत. जड गेल्या त्या तीन. पहिली, प्रोसेसर ठराविक यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धात येऊ लागलेला, किंवा त्यानंतरचा. दुसरी, टीपीएम २.० नावाची सोय हवी. ही मुख्य पाटीवरील एक छोटी चिप असते, किंवा प्रोसेसरच्याच पोटात केलेली तजवीज असते. तिजोरीच्या आत आणखी एक चोरकप्पा असावा आणि त्यात फक्त किल्ल्या ठेवाव्या, तसे तिचे काम. तिसरी, संगणक सुरू होतानाच कार्यप्रणालीच्या कागदावरील शिक्कामोर्तब पारखणारी व्यवस्था, जिला सिक्युअर बूट म्हणतात, ती उपलब्ध हवी.

येथे अनेकांची व्यर्थ निराशा होते. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक नावाचा लहानसा प्रोग्राम चालवला, की तो "हा संगणक पात्र नाही" असा शेरा मारतो, आणि माणूस नवे यंत्र घ्यायला निघतो. पण शेऱ्याखालचा तपशील वाचावा. टीपीएमची सोय यंत्रात असूनही कारखान्यातून ती बंद अवस्थेत येणे ही, विशेषतः जुळवून घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये, नित्याची गोष्ट होती. संगणक सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ मांडणीच्या पडद्यावर, जाऊन ती चालू करता येते. इंटेलच्या पाटीवर तिचे नाव पीटीटी, एएमडीच्या पाटीवर एफटीपीएम. प्रोसेसर मात्र यादीबाहेरचा असेल तर खटपट थांबवावी. अटी चुकवून प्रणाली बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. परंतु अशा यंत्राला दुरुस्त्यांचा हक्क राहत नाही असे कंपनीने स्पष्ट केलेले आहे, आणि पहाऱ्यासाठी घर बदलायचे ठरवून पहाऱ्याची हमी नसलेल्या घरात जाणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

किमान अट आणि सुखाची अट यांतील अंतर एका साध्या हिशेबाने पाहू. सदरेवर चार हात जागा आहे. दिवाणजी स्वतःची गादी, लोड व पेटी मांडून अडीच-तीन हात व्यापतो. उरल्या हातभर जागेत पत्राचा मजकूर, चार पाने उघडलेला ब्राउझर आणि खतावणी मांडली, की प्रत्येक कागदासाठी आधीचा कागद उचलून दफ्तरखान्यात ठेवावा लागतो, आणि लोक म्हणतात, "मशीन हँग होतंय." आठ गीगाबाइट रॅम असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. त्याचप्रमाणे यंत्रात अजून फिरती हार्डडिस्क असेल, तर ती काढून न फिरणारी डिस्क, म्हणजे एसएसडी, बसवावी. माझ्या अनुभवात नव्या कार्यप्रणालीपेक्षा या एका बदलाने जुना संगणक अधिक तरतरीत होतो.

६. जुन्या बोलीचे कारकून

सचिवांनी मला त्यांच्या पाच संगणकांपैकी कोपऱ्यातला एक दाखवला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, बाणांच्या बटणांनी हलणारी यादी. १९९०च्या दशकात कोणा होतकरू तरुणाने फॉक्सप्रो या त्या काळच्या साधनात लिहून दिलेली ती ठेवींची खतावणी होती. सचिव म्हणाले, "एक पैशाचीही चूक कधी झाली नाही याच्यात." अशा खतावण्या महाराष्ट्रातल्या किती पतपेढ्यांत, सोसायट्यांत आणि आडतीच्या दुकानांत आजही चालू असतील! त्यांच्याकडे मी आदरानेच पाहतो.

परंतु नव्या कार्यप्रणालीचा खरा अडथळा येथेच आहे, आणि तो दुकानात कोणी आधी सांगत नाही. संगणकाचा हिशेबनीस एका वेळी किती लांबीची संख्या हातात धरतो यावरून त्याच्या पिढ्या मोजतात : आधी सोळा बिटांची, मग बत्तीस, आता चौसष्ट. डॉस या विंडोजपूर्वीच्या कार्यप्रणालीच्या काळातले प्रोग्राम सोळा बिटांच्या रीतीने लिहिलेले. बत्तीस बिटांच्या विंडोजने या वृद्ध कारकुनांसाठी वाड्यात एक स्वतंत्र खोली राखली होती, जेथे त्यांना वाटे की अजून जुनाच काळ चालू आहे. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये ही खोली नाही. कारण प्रोसेसर चौसष्ट बिटांच्या चालीने चालू लागला, की ज्या सोयीवर ती खोली उभी होती ती सोयच त्या चालीत उपलब्ध राहत नाही. विंडोज १० ही बत्तीस व चौसष्ट अशा दोन्ही रूपांत मिळे. विंडोज ११ केवळ चौसष्ट बिटांत आहे. म्हणजे कोपऱ्यातल्या त्या यंत्रावरून नव्यावर गेल्यास खतावणी हळू चालेल किंवा वाकडी दिसेल असे नव्हे; ती उघडणारच नाही. शिवाय बत्तीसवरून चौसष्टवर सरळ पायरी चढता येत नाही. डिस्क पुसून, म्हणजे दुकानी भाषेत फॉरमॅट मारून, सर्व काही पहिल्यापासून बसवावे लागते.

यावर दोन उपाय आहेत. डॉसबॉक्स नावाचा मोफत प्रोग्राम जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल आपल्या पोटात उभी करतो आणि फॉक्सप्रोच्या पुष्कळ खतावण्या त्यात चालतात. छपाईची व्यवस्था मात्र वेगळी करावी लागते. दुसरा उपाय अधिक टिकाऊ : फॉक्सप्रोची माहिती ज्या डीबीएफ फायलींत असते त्या आजही लिबरऑफिससारख्या मोफत प्रोग्राममध्ये उघडतात, तेव्हा माहिती बाहेर काढून नव्या खतावणीत भरावी आणि एक तिमाही दोन्ही हिशेब समांतर ठेवून रोजची शिल्लक ताडून पाहावी.

दुभाषांचेही असेच. चौसष्ट बिटांच्या विंडोजला बत्तीस बिटांचा ड्रायव्हर चालत नाही, आणि ड्रायव्हरवर अधिकृत सही असल्यावाचून ती त्याला आत घेत नाही. म्हणून संगणकाला जोडलेल्या प्रत्येक यंत्राचे नाव व क्रमांक कागदावर उतरवावा आणि कारखानदाराच्या संकेतस्थळावर त्याचा चौसष्ट बिटांचा ड्रायव्हर आहे की नाही हे बदलाच्या आधी पाहावे. अर्ध्या दिवसाचे हे काम आहे, आणि फसलेल्या बदलांपैकी बहुतेक मी ते न केल्यामुळे फसलेले पाहिले आहेत.

७. मराठी अक्षरांचे काय होईल?

छापखान्याच्या मालकांचा प्रश्न निराळा होता. त्यांच्याकडे वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक यांचा मजकूर जुन्या मराठी फाँटांत साठवलेला. तो नव्या विंडोजवर वाचता येईल काय?

याचे उत्तर समजण्यासाठी संगणक अक्षर साठवतो म्हणजे काय साठवतो ते पाहावे लागेल. तो अक्षराचे चित्र साठवत नाही. त्याचा क्रमांक साठवतो. आरंभी हे क्रमांक रोमन लिपीपुरते होते. देवनागरीसाठी जागाच नव्हती, म्हणून डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवावे लागे. आणि पुढे विंडोजच्या काळात श्रीलिपी, आकृती, कृतीदेव अशा संचांनी एक तोडगा काढला. क्रमांक रोमन अक्षराचाच ठेवायचा, पण त्या घरातले चित्र बदलून तेथे 'क' किंवा 'ख' बसवायचा. कागदावर मराठी उमटे आणि सर्वांचे काम भागे. प्रत्येक संचाने मात्र आपापली मांडणी केली. त्यामुळे असा मजकूर तो विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर उघडला, की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन ढीग दिसतो. मजकूर बिघडलेला नसतो. त्याची किल्ली हरवलेली असते.

युनिकोड या जागतिक व्यवस्थेने देवनागरीला स्वतःची १२८ घरे दिली. त्यांत लिहिलेला 'क' जगातल्या कोणत्याही यंत्रावर 'क'च राहतो. तेव्हा युनिकोडमधील मजकुराला नव्या विंडोजपासून भय नाही. फार तर एक किरकोळ त्रास होईल : एकेकाळी विंडोजबरोबर आपोआप येणारा मंगल हा फाँट विंडोज १० पासून ऐच्छिक संचात ठेवला आहे, त्यामुळे तो बसवलेला नसल्यास मजकूर दुसऱ्या फाँटात दिसतो आणि पानांची लांबी थोडी बदलते. देवनागरीचा पूरक फाँटसंच सेटिंगमधून उतरवून घेतला, की पाने जागेवर येतात.

जुन्या फाँटांची गोष्ट अशी, की फाँटाची फाइल नव्या विंडोजवर बहुधा चालते. अडते ते त्याच्याबरोबरचे टंकलेखनाचे साधन, आणि विशेषतः तो प्रोग्राम कुलपाने, म्हणजे पाठीमागे खोचलेल्या डाँगलने चालत असेल तर ते कुलूप. कारण कुलपालाही दुभाषी लागतो. म्हणून छापखान्याच्या मालकांना मी सांगितले, की विंडोज बदलण्यापूर्वी, जुने यंत्र चालू आहे तोवरच, महत्त्वाचा मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणून घ्या, आणि आणल्यावर जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी यांवर प्रूफ वाचणाऱ्याची नजर फिरू द्या. आपल्या गावांचा, माणसांचा, संस्थांचा चाळीस वर्षांचा लेखी इतिहास अशा कुलूपबंद फायलींत पडून आहे, आणि तो एखाद्या दुपारी "जुनं काही ठेवायचंय का?" या प्रश्नाला घाईने दिलेल्या नकारात नाहीसा होतो, याचे मला मनापासून दुःख होते.

८. मुदतवाढ, आणि दुसरा मार्ग

पहारा उठला तरी तो काही काळ विकत घेता येतो. घरगुती वापराच्या विंडोज १० संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या देण्याची योजना ठेवली. तीस डॉलर भरून, किंवा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंगची नक्कल ठेवण्याच्या अटीवर विनामूल्य. ज्याचे यंत्र अपात्र आहे आणि वर्षभरात नवे घ्यायचे आहे, त्याने ही मुदतवाढ निःसंकोच घ्यावी.

संस्थांसाठी दर वेगळा आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि अशी तीनच वर्षे. म्हणजे एका संगणकाचे ६१ अधिक १२२ अधिक २४४, एकूण ४२७ डॉलर. पाच संगणकांचे २,१३५. दुसऱ्या वर्षी योजनेत शिरणाऱ्याला पहिल्या वर्षाचेही भरावे लागतात. एवढ्या रकमेत यंत्रेच बदलता येतील हे सचिवांनी माझ्याआधी हिशेब करून सांगितले.

दुसरा मार्ग लिनक्सचा. लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये आरंभलेले आणि पुढे असंख्य हातांनी वाढवलेले हे लिखाण विनामूल्य आहे, आणि विंडोज ११ ने नाकारलेल्या यंत्रांवर त्याच्या मिंट किंवा उबुंटू यांसारख्या आवृत्त्या सुखाने चालतात, दुरुस्त्यांसह. केरळातील सरकारी शाळांनी कित्येक वर्षांपूर्वी हाच मार्ग स्वीकारला. ज्याचे काम ब्राउझर, पत्रे आणि तक्ते एवढ्यात आटोपते त्याला याहून स्वस्त व सन्मान्य उपाय नाही. ज्याचे काम एखाद्या खास विंडोज प्रोग्रामवर अवलंबून आहे त्याने आधी तो प्रोग्राम तेथे चालतो का याची खातरजमा करावी.

९. बदलापूर्वीची नक्कल

ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चीच एक अर्धवार्षिक आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि चारच दिवसांत तिचे वितरण थांबवावे लागले, कारण काही लोकांच्या दस्तऐवजांच्या फायली त्या बदलात पुसल्या गेल्या. तक्रारींचे प्रमाण कंपनीने सांगितल्याप्रमाणे एक शतांश टक्का होते. दहा हजारांत एक. प्रमाण अल्प खरे, पण ज्याच्या फायली गेल्या त्याच्या तर सगळ्याच गेल्या. दुरुस्त आवृत्ती नोव्हेंबरमध्ये आली. यावरून मी दोन नियम पाळतो. सुरक्षेच्या मासिक दुरुस्त्या आल्या त्या आठवड्यात घ्याव्या; मोठी नवी आवृत्ती मात्र काही महिने थांबून घ्यावी. आणि दोन्हींच्या आधी नक्कल असावी.

नक्कल म्हणजे तोच कागद दुसऱ्या ठिकाणी. एकाच डिस्कचे दोन भाग करून 'सी'मधले 'डी'मध्ये ठेवणे ही नक्कल नव्हे, कारण घर जळाले तर माडी व तळमजला दोन्ही जळतात. मूळ धरून तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक इमारतीबाहेर. केलेली नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. डिस्क कुलूपबंद करणारी बिटलॉकरची सोय चालू असेल, तर तिची अठ्ठेचाळीस अंकी पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. बायोसमधील फेरबदलानंतर संगणक तीच मागतो, आणि ती नसल्यास आपल्याच दफ्तराबाहेर आपण उभे राहतो.

जागेवरच विंडोज ११ घेतली, तर पहिले दहा दिवस माघारी जाण्याची सोय असते. जुनी प्रणाली एका बाजूला राखून ठेवलेली असते. अकराव्या दिवशी ती सोय संपते. म्हणून या दहा दिवसांत महिनाअखेर येईल असा मुहूर्त साधावा, म्हणजे व्याजाची आकारणी, पत्रके, छपाई असे वर्षातून बारा वेळाच लागणारे सर्व कारकून एकदा कामाला लागलेले दिसतात.

१०. पतपेढीत काय ठरले

पाचांपैकी दोन संगणक २०१९ साली घेतलेले होते. दोहोंनाही अपात्र असा शेरा मिळाला होता, आणि दोन्हींत टीपीएम केवळ बंद होते. ते चालू करून, रॅम आठ गीगाबाइट करून, प्रथम एकावरच विंडोज ११ बसवली. २५ सप्टेंबरला बसवली, म्हणजे महिनाअखेर दहा दिवसांत आली. तिसऱ्या दिवशी पासबुक छापणाऱ्या यंत्राचा दुभाषी मिळेना असे आढळले. तेव्हा विंडोजमध्येच असलेला, केवळ मजकूर छापणारा सामान्य ड्रायव्हर लावला आणि ओळींचे अंतर जुळवायला एक दुपार गेली. दुसऱ्या संगणकाचे काम ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाले. पत्रव्यवहाराचे दोन जुने संगणक एसएसडी घालून लिनक्स मिंटवर नेले. तेथील लेखनिक बाईंनी दोन दिवस नव्या मेनूत शोधाशोध केली आणि तिसऱ्या दिवशी सभेची नोटीस युनिकोडमध्ये टंकून माझ्यापुढे ठेवली.

कोपऱ्यातल्या खतावणीचा निर्णय संचालक मंडळाने घेतला. ठेवींची माहिती डीबीएफ फायलींतून काढून नव्या खतावणीत भरली, आणि मार्चअखेरचे लेखापरीक्षण होईपर्यंत दोन्ही हिशेब समांतर ठेवायचे ठरले. रोज संध्याकाळी सचिव स्वतः दोन्ही शिलका ताडून पाहतात. त्या यंत्राची इंटरनेटची तार काढून घेतली आहे, पेनड्राइव्हची तोंडे बंद केली आहेत, आणि पडद्याच्या वर, कोऱ्या पावतीच्या मागच्या बाजूस, त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून चिकटवले आहे : "या मशीनला इंटरनेट जोडू नये. विचारल्याशिवाय हलवू नये."